नसलेल्या तंतूची साक्ष

इ. स. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियातील स्काइर्म रीस नावाच्या डॉक्टरने असे जाहीर केले की, जुनाट कंबरदुखीने जेरीस आलेल्या एक हजार रोग्यांच्या पाठीत कातडीतून लांब पात्याची सुरी घालून, मणक्यांच्या मागच्या बाजूस असणाऱ्या लहान सांध्यांकडे जाणारे मज्जातंतू आपण कापले आणि त्या रोग्यांपैकी ९९.८ टक्के रोग्यांना गुण आला. शंभरातल्या नव्याण्णवांना गुण देणारे इलाज वैद्यकाच्या दप्तरात थोडेथोडके नाहीत, आणि त्यांतले बहुतेक पुढच्या पिढीच्या हाती लागत नाहीत, हेही त्याच दप्तरात नमूद आहे; परंतु रीस यांच्या इलाजाची हकीकत त्याहून विलक्षण आहे. काही वर्षांतच शरीररचनेच्या अभ्यासकांनी त्या पात्याची लांबी आणि त्या तंतूंची खोली यांचा मेळ घालून पाहिला, तेव्हा असे निष्पन्न झाले की सुरी तंतूंपर्यंत पोचतच नव्हती. स्नायू चिरले जात होते, क्वचित आत रक्त साकळत होते. ज्यांना कापण्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता ते तंतू मात्र खाली सुखरूप होते.

दरम्यान नॉर्मन शीली या अमेरिकन मेंदूशल्यविशारदाने रीस यांची कल्पना उचलली, परंतु सुरीने होणारा रक्तस्राव टाळावा म्हणून सुरीच्या जागी सुई आणली आणि सुईच्या टोकाशी उच्च कंप्रतेच्या विद्युतप्रवाहाने उष्णता निर्माण करून तंतू जाळण्याची युक्ती काढली. आज ज्याला वैद्यकीय वर्तुळात सुटसुटीतपणे ‘आरएफ’ म्हणतात त्या उपचाराचा हा प्रारंभ होय. १९७४-७५ च्या सुमारास शीली यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि तेही उत्साहवर्धक होते. पुढे १९७९ मध्ये निकोलाय बॉग्डुक या ऑस्ट्रेलियन शरीररचनाशास्त्रज्ञाने डॉनलिन लाँग यांच्यासह शवविच्छेदन करून हे तंतू नेमके कोणत्या वाटेने जातात त्याचा शोध घेतला आणि शीली यांनी सुईसाठी ठरवून दिलेल्या ठिकाणी मुळात तो तंतूच नाही, असे दाखवून दिले. एकदा हत्यार आखूड पडले, दुसऱ्या वेळी ते भलत्याच ठिकाणी पोचले, आणि दोन्ही वेळा रोग्यांना बरे वाटले.

कंबरदुखीवरील तंतुदहनाविषयी जे काही बोलावयाचे ते या दोन घटनांपासूनच सुरू केले पाहिजे, असे माझे मत आहे. त्यांवरून हा उपचार निरर्थक ठरतो असे मुळीच नव्हे. चूक दाखवून बॉग्डुक थांबले नाहीत. १९८० मध्ये त्यांनी सुईचा योग्य मार्गही आखून दिला आणि आज हा उपचार जिथे काळजीपूर्वक केला जातो तिथे त्यांनीच घालून दिलेल्या वाटेने केला जातो. परंतु या घटनांनी एक गोष्ट कायमची सिद्ध केली: रोग्याला आराम पडला ही साक्ष आरामापुरतीच ग्राह्य आहे, तो कशामुळे पडला याविषयी रोगीही काही सांगू शकत नाही आणि त्याचा डॉक्टरही सांगू शकत नाही. जो तंतू तेथे नव्हताच तो जळाल्याची ग्वाही शेकडो रोग्यांच्या आरामाने दिली होती.

आजचा उपचार कसा करतात ते थोडे जवळून पाहू. मणके पुढच्या अंगाला चकत्यांवर टेकलेले असतात आणि मागच्या अंगाला, डावीउजवीकडे, एकेका लहानशा सांध्याने परस्परांत गुंतलेले असतात. यांना फॅसेट सांधे म्हणतात. कंबरदुखीचे मूळ कमरेच्या मागच्या सांध्यांत असावे असा तर्क बोस्टनच्या गोल्डथ्वेट यांनी १९११ मध्येच केला होता, आणि १९३३ मध्ये घॉर्म्ली यांनी या दुखण्याला स्वतंत्र नावही दिले. परंतु दुसऱ्याच वर्षी मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेल्या चकतीचे वर्णन केले आणि पुढली कित्येक दशके चकतीचे असे काही राज्य चालले की बिचाऱ्या सांध्यांकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. अशा प्रत्येक सांध्याला दोन बारीक तंतू संवेदना पुरवतात. मणक्याचा आडवा प्रवर्ध आणि वरचा सांधेप्रवर्ध जिथे मिळतात त्या हाडाच्या खोबणीतून तंतू जातो, आणि तेथेच त्याला गाठावयाचे असते. रोग्याला पालथे निजवतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सुई त्या खोबणीत नेतात, आणि जाळण्यापूर्वी सौम्य प्रवाह सोडून पाहतात: पाठीतला खोल स्नायू फुरफुरला तर जागा बरोबर, पाय उडाला तर सुई भलत्या मज्जातंतूच्या जवळ गेली असे समजून ती मागे घेतात. मग भुलीचे औषध सोडून सुमारे ८० अंश सेल्सिअस उष्णता साठ ते नव्वद सेकंद ठेवतात. यातली एक बारीक गोष्ट पुष्कळ दिवस पुष्कळांच्या ध्यानी आली नव्हती: सेकंदाला सुमारे पाच लक्ष आवर्तनांच्या या प्रवाहाने जो डाग पडतो तो सुईच्या टोकापुढे न पडता तिच्या अंगाभोवती पडतो. त्यामुळे सुई तंतूवर उभी टोचली तर तंतू वाचण्याचाच संभव अधिक. ती त्याच्या शेजारी, त्याला समांतर निजवावी लागते. आणि सगळे यथासांग झाले तरी तंतूची मूळ पेशी शाबूत असल्यामुळे तो सहा महिने ते वर्षभरात पुन्हा उगवतो, दुखणे परत येते, आणि रोगीही परत येतो.

या साऱ्या व्यवहाराच्या बुडाशी वेदनेचे एक जुने चित्र आहे. तत्त्वज्ञ देकार्तच्या मृत्यूनंतर, १६६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच ग्रंथात, विस्तवाजवळ पाय गेलेला एक मनुष्य दाखविला आहे. त्याच्या पायापासून मेंदूपर्यंत एक धागा गेलेला असून, दोरी ओढताच वरची घंटा वाजावी तशी त्याच्या मस्तकात वेदना उमटते. हे चित्र इतके सुबोध आहे की तीन शतके वैद्यक त्याच्याच आज्ञेत वागले. दोरी कापली की घंटा थांबणार! १९१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्पिलर आणि मार्टिन यांनी खुद्द मज्जारज्जूतील वेदनावाहक पट्टा छेदला, आणि कर्करोगाच्या असह्य यातनांत पडलेल्या माणसांना त्या शस्त्रक्रियेने खरोखर सुटकाही दिली. पण जे रोगी त्यानंतर दीर्घकाळ जगले त्यांच्यापैकी पुष्कळांचे दुखणे पुन्हा डोके वर काढी. चेहऱ्याचा तंतू नष्ट केल्यावर गाल बधिर व्हावा, टाचणी टोचली तरी कळू नये, आणि त्याच बधिर गालाची आग आग व्हावी, असे रोगी शल्यविशारदांनी पाहिले. तोडून टाकलेला पाय दुखतो हे तर सोळाव्या शतकात आँब्रवाज पारेने लिहून ठेवले होते. अखेर १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मज्जारज्जूत एक द्वार कल्पिले, जे वरून आणि खालून येणाऱ्या संदेशांनुसार कमीअधिक उघडते, आणि तेव्हापासून निदान ग्रंथांतून तरी देकार्तची दोरी निकालात निघाली. व्यवहारातून ती निघाली नाही. वर्षानुवर्षे दुखणारी कंबर घेऊन आलेल्या रोग्याला, ‘ही नस जाळली की झाले’ असे सांगितले जाते तेव्हा तो देकार्तच बोलत असतो.

येथे कोणी म्हणेल की, कारणे काय असतील ती असोत, माणसाला बरे वाटले ना? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याला रात्री कूस बदलता येत नाही, ज्याला संडासात बसून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो, त्याला ज्ञानमीमांसेशी काय कर्तव्य? पण तंतुविरहित तंतुदहनाने जर आराम पडत असेल, तर त्या आरामाची खरी कारणे शोधणे हे रोग्याच्याच हिताचे नाही काय? त्यांतले एक कारण अगदी साधे आहे. जुनाट कंबरदुखी भरतीओहोटीने चालते आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो भरतीच्या दिवशी. त्यानंतर काहीही केले, अथवा काहीच केले नाही, तरी ओहोटी लागायचीच, आणि तिचे श्रेय शेवटच्या इलाजाच्या नावे जमा होते. दुसरे कारण गहन आहे: पालथे निजणे, पडद्यावर दिसणारा आपलाच कणा, सुया, यंत्राचा आवाज, आणि ‘तुमचे दुखणे सापडले’ हा तज्ज्ञाचा शब्द, या सर्वांचा वेदनेवर खराखुरा परिणाम होतो; ती रोग्याची कल्पना नव्हे. १९५९ मध्ये अमेरिकेत लिओनार्ड कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयशूळासाठी छातीतील धमनी बांधण्याची तेव्हा लोकप्रिय असलेली शस्त्रक्रिया पारखली. सतरा रोग्यांपैकी काहींची धमनी बांधली, उरलेल्यांची केवळ कातडी चिरून शिवली, आणि दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. ती शस्त्रक्रिया पुढे नामशेष झाली. ह्यूस्टन येथे मोझली यांनी २००२ मध्ये गुडघ्याच्या झिजेवरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे हेच केले आणि निकालही तोच लागला.

तंतुदहनाच्या समर्थकांना हे ठाऊक नाही असे नाही, आणि त्यांच्यातील उत्तम माणसांनी त्यावर जी तोड काढली ती मनापासून दाद देण्यासारखी आहे. त्यांचे म्हणणे असे की, ज्याचे दुखणे फॅसेट सांध्यातून येते त्यालाच हा उपचार लागू पडेल, म्हणून आधी परीक्षा करा: त्या तंतूजवळ अल्पसे बधिर करणारे औषध सोडा आणि दुखणे तेवढ्यापुरते नाहीसे होते का ते पाहा. पण अशा एकाच परीक्षेवर विसंबल्यास २५ ते ४५ टक्के खोटे होकार येतात, असे आढळले. म्हणून परीक्षा दोनदा घ्यावी, एकदा अल्पकाळ टिकणाऱ्या आणि एकदा दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाने, आणि आरामाची मुदत औषधाच्या मुदतीशी जुळली तरच होकार मानावा. ड्रायफस, बॉग्डुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या चाळणीतून शेकडो इच्छुकांना गाळत अवघे पंधरा रोगी निवडले, त्यांचे तंतू जाळले, आणि स्नायूंची विद्युत्‌तपासणी करून ते खरोखरच जळाले याची खात्रीही करून घेतली. वर्षअखेर सुमारे साठ टक्के रोग्यांचे निदान नव्वद टक्के दुखणे गेलेले होते. तंतू या वेळी तेथे होता. यात आता शंका नाही. पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, आणि रीस यांच्या हजारांनंतर पंधरांची साक्ष, कितीही काटेकोरपणे नोंदलेली असली तरी, एकतर्फीच म्हणावी लागते.

शिवाय चाळणी जितकी बारीक तितका लाभ मोठा, ही समजूतही निर्वेध नाही. २०१० मध्ये स्टीव्हन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १५१ रोग्यांचे तीन गट केले: एकाला परीक्षेशिवाय थेट दहन, दुसऱ्याला एका परीक्षेनंतर, तिसऱ्याला दोन परीक्षांनंतर. ज्यांचे तंतू प्रत्यक्ष जाळले गेले त्यांच्यात यशाचे प्रमाण अनुक्रमे ३३, ३९ आणि ६४ टक्के पडले. चाळणीचा विजय! परंतु गटातील सर्व रोगी हिशेबात धरले, म्हणजे चाळणीने ज्यांना घरी पाठविले तेही मोजले, तर तीन महिन्यांनी यशस्वी ठरलेले रोगी अनुक्रमे १७, ८ आणि ११ इतके होते. समर्थकांच्या यशाचा टक्का चाळणीने वाढतो आणि सुखी माणसांची संख्या घटते, असा हा चमत्कारिक जमाखर्च आहे, आणि त्याचा एक अर्थ असा निघू शकतो की, चाळणीच्या खाली पडलेल्यांपैकी पुष्कळांना दहनाच्या नुसत्या विधीनेही बरे वाटले असते.

मग तुलनात्मक प्रयोगांची गत काय? ती वादग्रस्त आहे, आणि हा वाद वाचताना कधी कधी जुन्या कुळकर्ण्यांच्या बांधाच्या तंट्याची आठवण होते. मास्ट्रिश्टच्या व्हान क्लीफ यांनी १९९९ मध्ये ३१ रोग्यांवर केलेल्या प्रयोगात दहन केलेल्या पंधरांपैकी दहांना आणि लुटुपुटूची प्रक्रिया केलेल्या सोळांपैकी सहांना यश आले. २००१ मध्ये लक्लेर यांनी कॅनडात ७० रोग्यांवर केलेल्या प्रयोगात बारा आठवड्यांनी भेद उरला नाही. २०१७ मध्ये नेदरलंड्समधील १६ वेदनाकेंद्रांत ६८१ रोग्यांवर झालेल्या तीन प्रयोगांचा निकाल एकत्र प्रसिद्ध झाला: व्यायामाच्या जोडीला दहन केलेले आणि केवळ व्यायाम केलेले यांत, दहा गुणांच्या वेदनामापनावर, फॅसेट सांध्यांच्या प्रयोगात तीन महिन्यांनी ०.१८ इतका फरक पडला. प्रयोगकर्त्यांनी जो फरक रोग्याला जाणवण्याजोगा म्हणून आधीच ठरविला होता तो दोन गुणांचा होता. यावर जगभरच्या वेदनातज्ज्ञांनी गदारोळ केला: परीक्षा एकदाच घेतली, निम्मा आराम पडला तरी होकार मानला, सुया नीट ठेवल्या नाहीत. यातील काही तक्रारी रास्त आहेत. पण त्या प्रयोगात कोणाला काय मिळाले हे रोग्यांपासून लपविलेले नव्हते, म्हणजे विधीचा सारा प्रभाव दहनाच्याच पारड्यात पडला होता. तरीही पारडे हलले नाही, ही गोष्ट तक्रारदारांनी विसरू नये.

आणि माझ्या मते खरा पेच तंत्राच्या या सबबीतच आहे. तंत्र चुकले म्हणून प्रयोग फसला, असे जो म्हणतो त्याने रीस आणि शीली यांच्या रोग्यांचे काय झाले ते सांगितले पाहिजे, कारण त्यांच्याइतके तंत्र कोणाचेच चुकले नव्हते. चुकलेल्या तंत्रानेही बहुतेक रोगी बरे होत असतील तर तंत्र ही निर्णायक गोष्ट नव्हे. आणि तंत्र निर्णायक असेल तर त्या रोग्यांना दुसऱ्याच कशाने तरी गुण आला, आणि तेच ‘दुसरे काहीतरी’ आपल्याही यशात वाटेकरी नाही हे तंत्रनिपुणाने कशावरून ठरविले? याला उत्तर एकच आहे: दोन परीक्षांतून पार पडलेले रोगी, समांतर ठेवलेली सुई, सर्वोत्तम हात, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या बाबतीत यंत्राचा प्रवाह बंद. हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करण्याची जबाबदारी ज्याच्या हातात सुई आहे त्याची आहे. संशय घेणाऱ्याची नव्हे.

नव्याने आलेल्या दुसऱ्या एका दहनाने तर हे अधिकच उघड केले. मणक्याच्या शरीरात शिरणारा तंतू आतून जाळण्याची ही पद्धत. १५ मिनिटे, ८५ अंश. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लुटुपुटूची प्रक्रियाही ठेवली होती, हे तिच्या कर्त्यांना भूषणावह आहे. नियमानुसार पार पडलेल्या रोग्यांत अपंगत्वमापन दहनाने २०.५ गुणांनी सुधारले आणि लुटुपुटूच्या प्रक्रियेने १५.२ गुणांनी. जाहिरातीत पाच गुणांचा फरक झळकतो. मला पंधरांचे कुतूहल अधिक वाटते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. एमआरआयचा लिफाफा काखोटीला मारून दवाखान्यातून बाहेर पडणारा मराठी रोगी ‘चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ असे सांगत घरी येतो, आणि त्या दिवसापासून तो वाकत नाही, नातवाला उचलत नाही, जमिनीवर मांडी घालीत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले तेव्हा निम्म्याहून अधिकांच्या निदान एका पातळीवरील चकती फुगलेली निघाली होती, ही माहिती त्या लिफाफ्यात नसते. ज्या दुखण्याची भीती हीच निम्मी व्याधी आहे, त्याला ‘तुझा अमुक सांधा बिघडला आहे, त्याची तार जाळू’ असे सांगणे हा निव्वळ उपचार नव्हे. ती आयुष्यभराची एक समजूत रोग्याच्या पदरी बांधणे होय. आराम खोट्या समजुतीतून मिळाला तर हरकत काय, या प्रश्नाचे माझे उत्तर येथे आहे: आराम वर्षभरात ओसरतो, समजूत राहते, आणि पुढच्या वर्षी तीच त्याला पुन्हा त्या टेबलावर पालथे निजविते.

इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये काही अटींवर या उपचाराची वाट मोकळी ठेवली: इतर उपाय थकलेले असावेत, वेदना दहापैकी पाच किंवा अधिक असावी, परीक्षेला होकार आलेला असावा. २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या तज्ज्ञमंडळाने मात्र जुनाट पाठदुखीवरील अशा सुईच्या उपचारांविरुद्ध, दहनासकट, ठाम शिफारस केली आणि वेदनातज्ज्ञांच्या संस्थांनी तिच्यावर तक्रारींचा पाऊस पाडला. माझा कौल त्या तज्ज्ञमंडळाकडे झुकतो, पण मनाईहुकमाच्या मी विरुद्ध आहे. सर्व उपाय थकलेल्या, दोन्ही परीक्षांत उतरलेल्या आणि सारे समजून उमजून तयार झालेल्या रोग्याला हा मार्ग बंद करण्याचा अधिकार कोणाला नाही. मात्र तो प्रयोगाचा भाग म्हणून, नोंद ठेवून व्हावा, आणि जो इलाज अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे त्याचे मोल सिद्ध इलाजाच्या दराने रोग्याकडून वसूल होऊ नये.

आणि संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी काही वाक्ये त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावीत. तंतू पुन्हा उगवेल, हे एक. प्रक्रिया न करताच ती केल्याचे भासविले तरी पुष्कळांना बरे वाटते, हे दुसरे. हे ऐकूनही ज्याला ती करून घ्यावीशी वाटेल त्याने खुशाल करून घ्यावी. आणि तिसरे, जे सहसा कोणी सांगत नाही: जाळला जाणारा तंतू केवळ सांध्याची वेदना वाहून नेत नाही, कण्याला लगटून असलेल्या मल्टिफिडस नावाच्या खोल स्नायूला चालना देणारा तंतूही तोच आहे, आणि सुई काढल्यावर रोग्याच्या हाती व्यायामाचा जो कागद दिला जातो त्यात बळकट करावयाच्या स्नायूंमध्ये याच स्नायूचे नाव असते.